सोळा वर्षं आठ महिने आणि स्कूटरची किल्ली

खिडकीतली (धागाकर्ती)

गेले दोन महिने घरात एकाच विषयावर धुमसतंय, म्हणून इथे लिहितेय. चिरंजीव सोळा वर्षं आठ महिन्यांचे. अकरावी सायन्स. आम्ही वारज्यात, क्लास कर्वे रोडला, सकाळी पावणेसातचा. मी त्याला स्कूटरवरून सोडते, परत येऊन डबे भरते आणि धावत ऑफिस गाठते. संध्याकाळी दुसरा क्लास, पुन्हा तीच वरात.

त्याच्या क्लासखाली निम्म्या स्कूटर्स मुलामुलींच्याच असतात. हे त्याचं म्हणणं खोटं नाही, मी रोज बघते. परवा त्याने सरळ सांगून टाकलं, "आई, तू मला पोचवायला येतेस ते सगळे बघतात. एक तर गाडी दे, नाहीतर मी मित्राच्या मागे बसून जातो." दुसरा पर्याय ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण तो मित्रही सतराचाच.

सासरे म्हणतात, "मी सोळाव्या वर्षी लुना दामटत होतो, काही बिघडलं नाही." नवरा म्हणतो अठरापर्यंत विषय बंद. मी मध्ये, दोन्हीकडून ऐकून घ्यायला.

खरं सांगायचं तर गाडीपेक्षा मला दुसरंच खुपतंय. ज्याला गाडी हवी आहे त्याला स्वतःचा रेनकोट कुठे आहे ते माहीत नसतं. त्याच्या फोनवर माझ्या खात्याचं यूपीआय टाकून दिलंय. गेल्या महिन्यात त्यातून तेवीसशे रुपये गेले. कुठे गेले विचारलं तर "असेच." शिवाय मित्राच्या काकांचा दिवाळीत फटाक्यांचा स्टॉल असतो, तिथे दहा दिवस उभं राहिलं तर रोजचे पाचशे मिळतील म्हणून तेही डोक्यात घेतलंय. अभ्यास बुडेल म्हणून नको म्हणावं की शिकेल म्हणून हो म्हणावं?

गाडी, काम, पैसे. तुमच्या घरी काय केलंत, काय फसलं, तेवढं सांगा. "आजकालची पिढी" वगैरे नको प्लीज, ते सासऱ्यांकडून रोज मिळतं.

जुनी सायकल

नवऱ्याला +१. सायकल द्या. संपला धागा.

खिडकीतली

@जुनी सायकल, दिली आहे. गिअरची, साडेअकरा हजारांची. बाल्कनीत टॉवेल वाळत घालायला उत्तम.

बिनगियर

आधी आजोबांच्या लुनाबद्दल, कारण हा युक्तिवाद घरोघरी चालतो.

आजोबा खोटं बोलत नाहीत. लुना १९७२ साली आली, ५० सीसीची. मोटार वाहन कायद्यात (१९८८, कलम ४) आजही सोळा वर्षांच्या मुलाला ५० सीसीपर्यंतची बिनगियरची दुचाकी चालवता येते, पालकांच्या संमतीने लायसन्स काढून. मेख अशी की तशी पेट्रोल गाडी आता दुकानात मिळतच नाही. तुमच्या पार्किंगमधली स्कूटर ११० किंवा १२५ सीसीची असणार. वजन शंभर किलोच्या वर आणि ऐंशीचा वेग सहज गाठते. बरेच पालक ते सोळाव्या वर्षीचं लायसन्स काढून देतात आणि समजतात की झालं काम. ते खिशात ठेवून ११० सीसी चालवणं म्हणजे कायद्याच्या दृष्टीने विनापरवानाच.

दुसरी गोष्ट कलम १९९अ. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि मुलाला पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. "मला माहीत नव्हतं" हे पालकाने सिद्ध करायचं असतं. किल्ली तुम्हीच हातात दिली असेल तर काय सिद्ध करणार?

पळवाट विचाराल तर एकच आहे: २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किमीच्या आतला वेग असलेली इलेक्ट्रिक गाडी मोटार वाहन धरली जात नाही. लायसन्स नाही, नंबरप्लेट नाही. पण विकत घेताना दुकानदार कानात सांगतो, "एक वायर काढली की पंचेचाळीसने पळते." वायर काढली की ती मोटार वाहन झाली आणि तुम्ही पुन्हा १९९अ मध्ये.

घाईत असलेली

सगळं कागदावर बरोबर आहे हो. पण मी मुलीला सोळाव्या वर्षीच गाडी दिली, आता ती एकोणीसची आहे, एक ओरखडा नाही. नवरा बाहेरगावी, मी शिफ्टमध्ये, घरात आजारी सासू. मी काय सकाळी साडेसहाला रिक्षाला रोज दीडशे रुपये देऊ? पोलीससुद्धा क्लासच्या मुलांना सोडून देतात. इथे उपदेश करणाऱ्यांपैकी कितीजण स्वतः अठराच्या आधी चालवत नव्हते, खरं सांगा.

बिनगियर

मी चालवत होतो. म्हणूनच लिहिलं.

नदीकाठ

@घाईत असलेली, तुमची ओढाताण कळते आणि तुम्हाला नावं ठेवायची इच्छा नाही. फक्त आमच्या घरचं सांगते, कारण ते कोणी सांगत नाही.

माझ्या भावाने भाच्याला स्कूटर दिली होती. सतरा वर्षांचा, अतिशय शांत पोरगा. हे मुद्दाम लिहितेय, कारण सगळ्यांना वाटतं की अपघात मवाली मुलंच करतात. मंडईच्या मागच्या गल्लीत एक सत्तरीच्या आजी रस्ता ओलांडत होत्या. वेग फार नव्हता. आजी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. भाचा पळून गेला नाही, त्यानेच रिक्षा करून त्यांना दवाखान्यात नेलं. आजी वाचल्या, पण पुढे वॉकरवरच.

गाडीचा विमा चालू होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. दावा प्राधिकरणात गेला, तीन वर्षं चालला. विमा कंपनीने आजींना भरपाई दिली आणि नंतर तीच रक्कम भावाकडून वसूल करायला लागली, कारण चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हतं. वकील म्हणाले, असंच होतं: आधी जखमीला पैसे द्यायचे, मग मालकाकडून घ्यायचे. सव्वासहा लाख. भावाने गावाकडचा प्लॉट विकला.

भाचा आता सत्तावीसचा आहे. चांगली नोकरी आहे. गाडीला हात लावत नाही, मेट्रोने जातो. प्लॉटचा विषय घरात कुणी काढत नाही, पण दर दिवाळीला तो त्या आजींकडे फराळ घेऊन जातो.

एवढंच.

घाईत असलेली

वाचलं. काय लिहावं कळत नाहीये.

कडीपत्ता

नदीकाठताई, अंगावर काटा आला. आणि १९ मे २०२४ ची कल्याणीनगरची, त्या पोर्श गाडीच्या अपघाताची रात्र पुण्यात कोण विसरलंय? दोन तरुण इंजिनियर जागीच गेले, सतरा वर्षांच्या मुलाला आधी जामिनाची अट म्हणून ३०० शब्दांचा निबंध. आपण सगळे संतापलो होतो. आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच सोसायटीतून दहावीची मुलं तीन-तीन बसून गाड्या बाहेर काढत होती. फरक गाडीच्या किमतीचाच होता.

एक प्रश्न. सोसायटीच्या आत, गेटच्या आत शिकवलं तर?

जुनी सायकल

आमच्या सोसायटीत गेटच्या आतच एका चार वर्षांच्या मुलाच्या पायावरून चाक गेलं होतं. गेटला ते आत आहे की बाहेर हे कळत नाही.

तासगावकर

मी शहरातला नाही, त्यामुळं थोडं वेगळं सांगतो.

आमच्याकडं द्राक्षबाग आहे, साडेतीन एकर. माझं पोरगं सतरा वर्षांचं, ट्रॅक्टर चौदाव्या वर्षापासून चालवतंय, बागेत, दोन ओळींमधून. औषध मारायचा ब्लोअर मात्र त्याच्या हातात देत नाही, ते विष आहे. रस्त्यावर तर अजिबात नाही. कारखान्याला ऊस जातो तेव्हा दोन ट्रॉल्या मागं लावून पंधरा-सोळा वर्षांची पोरं डांबरीवर येतात, मोठमोठ्यानं गाणी लावून, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. बघवत नाही.

पण तुमचा खरा प्रश्न रेनकोटाचा आहे ना, त्यावर बोलतो. पोरगं पैसे मागायचं सारखं, मोबाईल पाहिजे म्हणून. मी म्हणलं पैसे देत नाही, रान देतो. बागेच्या कडेला दहा गुंठे मोकळं होतं. काय लावायचं, कधी लावायचं, कुठं विकायचं, सगळं तुझं. बियाण्याला आणि खताला मी उसने दिले, वहीत लिहून. त्यानं कोथिंबीर केली, कारण महिना-दीड महिन्यात पैसे होतात असं कुणीतरी सांगितलं. लावताना भाव चढा होता. मला दिसत होतं की सगळ्या शिवारात कोथिंबीरच चाललीय आणि एकदमच निघणार. जिभेच्या टोकावर आलं होतं. बोललो नाही.

निघाली तेव्हा जुडीला दोन रुपये. चौदाशे जुड्या घेऊन पहाटे तीनला सांगलीला गेलं टेम्पोतून. भाडं, हमाली, तोलाई जाऊन हातात सातशे रुपये राहिले, आणि माझे उसने होते सव्वीसशे. घरी आलं आणि जेवलं नाही. त्याची आई म्हणाली, वही फाडून टाका, लेकरू आहे. मी वही फाडली नाही. त्या रात्री मला झोप आली नाही, हे पण खरं.

पुढच्या वेळी त्यानं मला न विचारता चार व्यापाऱ्यांना फोन लावले, आणि मगच रान पेरलं. मेथी, तीही निम्म्याच रानात. सव्वीसशे फिटले. मोबाईल अजून झालेला नाही, पण मागत नाही.

खिडकीतली

तासगावकर, "जिभेच्या टोकावर आलं होतं, बोललो नाही" हे वाचून दोन मिनिटं थांबले. मला हे एक दिवसही जमलेलं नाही. तो डबा विसरला तरी मी ऑफिसला उशीर करून नेऊन देते.

टाचणी

फटाक्यांच्या स्टॉलबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून.

नाही म्हणा, आणि अभ्यास हे कारण देऊ नका. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना काम करायची कायद्याने बंदी नाही, पण २०१६ च्या दुरुस्तीनंतर धोक्याच्या कामांवर आहे, आणि त्या यादीत ज्वलनशील आणि स्फोटक पदार्थ आहेत. ते काका शिक्षा ओढवून घेतील. शिवाय दिवाळीचा स्टॉल रात्री अकरापर्यंत चालतो. या वयाच्या मुलांना संध्याकाळी सात ते सकाळी आठ कामाला लावता येत नाही. सलग तीन तासांनंतर एक तासाची सुट्टी द्यावी लागते, आणि सुट्टी धरून दिवसाला सहा तास. वेळेच्या या नियमांकडे कोण बघतं म्हणाल, तर खरंय, फार कमी लोक. पण पहिल्याच नोकरीत मुलगा काय शिकून येणार? नियम असतात आणि ते पाळायचे नसतात?

त्याला दुसरं काहीतरी शोधू द्या. दिवाळीच्या आधी फराळवाल्यांकडे पॅकिंगला माणसं कमी पडतात. आमच्याकडच्या एका काकूंकडे दुपारी दोन ते सहा दहावी-अकरावीची मुलं असतात, चकल्या मोजून पाकिटात भरायच्या, तुटलेल्या वेगळ्या काढायच्या. माझा लेक गेला होता. तुटलेल्यांतली एक तोंडात टाकली म्हणून काकूंनी सगळ्यांदेखत झापलं. घरी येऊन म्हणाला, "एक चकली तर होती." मी म्हटलं, काकूंना विचार एका किलोत किती बसतात आणि किलोमागे किती सुटतात. त्याने खरंच विचारलं. दुसऱ्या दिवसापासून तुटलेलं खाणं बंद, आणि वर मलाच सांगतो, आई, तू विकतच्या चकलीला महाग म्हणत जाऊ नकोस.

वडाची सावली

धागा चांगला चाललाय, पण मला थोडं बोचलं ते लिहितो. रागावू नका.

माझं बारावीपर्यंतचं शिक्षण खेड्यात, नंतर साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेजात, १९९४ ते ९७. कर्मवीर अण्णांनी १९४७ साली काढलेलं कॉलेज. कमवा आणि शिका योजनेतून शिकलो. सकाळी बागेला पाणी, रविवारी मेसची भांडी, परीक्षेच्या दिवसांत ग्रंथालयात पुस्तकं लावणं. बोधचिन्हातला वड आणि खाली "स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद." ते ब्रीद आम्हाला भिंतीवर वाचावं लागत नव्हतं, हाताला घट्टे होते. त्याआधी आठवीपासून गावात सकाळी दूध घालत होतो, वीस घरी.

मला कुणी जबाबदारी "शिकवली" नाही. ती अंगावर पडली. आणि त्यातून मी शहाणा झालो असं लोक समजतात, पण मला खरं म्हणजे पैशाची भीती बसली. आजही हॉटेलात मेन्यूकार्डाची उजवी बाजू आधी वाचतो. बायको हसते. मुलीला मात्र मागेल ते देतो, कारण तिने उजवी बाजू वाचावी असं वाटत नाही. परिणाम असा की तिला दोनशे आणि दोन हजार यांत काही फरक वाटत नाही. म्हणजे मी दोन्हीकडून चुकलो.

कष्टाने आपोआप जबाबदारी येते हे खरं नाही, एवढंच सांगायचं होतं. आमच्या खोलीत सहाजण होते, सगळे सारखेच राबलेले. त्यातले दोघे पुढे कर्जात बुडाले.

हिशेबनीस

बँकेत एकतीस वर्षं काउंटरवर काढली, आता निवृत्त. यूपीआयबद्दल लिहितो, कारण धागाकर्तीची तिथे मोठी चूक होते आहे. आपल्या खात्याचं यूपीआय मुलाच्या फोनवर देणं म्हणजे सही केलेलं चेकबुक देणं. त्याला शिल्लक दिसत नाही, संपत नाही, म्हणून तो "असेच" म्हणतो. त्याच्या दृष्टीने ते खरंच असेच गेले.

दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या नावावर, स्वतःच्या सहीने बचत खातं चालवता येतं. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच परवानगी दिली, २०२५ मध्ये नियम नव्याने काढले. किती काढता येतील याची मर्यादा बँक ठरवते, आणि खात्यात असेल तेवढंच खर्च करता येतं, उधारी नाही. पोस्टातही दहा वर्षांपुढे मूल स्वतः खातं चालवू शकतं, आणि तिथलं महिन्याला शंभर रुपयांपासूनचं आवर्ती खातं या वयाला छान. अठरा पूर्ण झाली की नव्याने सही आणि केवायसी, ते विसरू नका. माझ्या काउंटरवर दरवर्षी जूनमध्ये कॉलेजची फी अडकलेली पोरं रडकुंडीला येऊन उभी राहायची.

स्वतंत्र खातं नको असेल तर यूपीआय सर्कल आहे, २०२४ पासून, म्हणजे तुमच्याच खात्यातून मुलाने त्याच्या फोनवरून मर्यादेत खर्च करायची सोय. पूर्ण मुभा दिली तर महिन्याला जास्तीत जास्त १५,००० आणि एका वेळी ५,०००, आणि त्याखालची मर्यादा तुम्ही ठरवायची. अर्धी मुभा दिली तर प्रत्येक खर्चाला तुमची परवानगी लागते. दुसरं करू नका. मीटिंगमध्ये बसून वडापावला मंजुरी देत बसाल आणि तो निर्णय घ्यायला कधीच शिकणार नाही.

आमच्या घरी नातीच्या बाबतीत सुनेने एक धाडस केलं. वर्षाचे कपडे-चपलांचे पैसे, सहा हजार, पाडव्याला एकदम तिच्या खात्यात टाकले. नातीने एप्रिलमध्येच अठ्ठेचाळीसशेचे बूट घेतले. मे महिन्यात मावसभावाचं लग्न. सगळ्या पोरी नव्या घागऱ्यात, ही दोन वर्षांपूर्वीच्या पंजाबी ड्रेसवर, खाली ते बूट. आजी म्हणून आमची ही पर्समध्ये हात घालणार, तेवढ्यात सुनेने असं बघितलं की हात परत बाहेर.

कडीपत्ता

ड्रेसखाली ते बूट 😄 फोटो हवा!

एडिसनहून

इथलं थोडक्यात, कारण "अमेरिकेत बघा" म्हणून वाद घालायला मुलं हेच वापरतात. न्यू जर्सीत सोळाव्या वर्षी परमिट, त्यासाठी ड्रायव्हिंग स्कूलचे सहा तास. सतराव्या वर्षी जे मिळतं तेही पूर्ण लायसन्स नव्हे. रात्री अकरानंतर पहाटे पाचपर्यंत चालवायचं नाही, मित्रांची गँग भरायची नाही, फोनला हात नाही, हँड्स फ्रीसुद्धा नाही, आणि नंबरप्लेटवर लाल स्टिकर. ते २०१० पासून. लेकीला त्या स्टिकरची एवढी लाज वाटायची.

गाडीपेक्षा विम्याने तिला जास्त शिकवलं. तिचं नाव घातल्याबरोबर हप्ता जवळजवळ दुप्पट झाला. तिने दुकानात शनिवार-रविवार पिशव्या भरून मिळवलेल्या पैशांतून वाढीव हप्त्याचा तिसरा हिस्सा ती द्यायची. एका तिकिटाने, म्हणजे पोलिसांच्या दंडाच्या पावतीने, हप्ता किती वाढतो हे कळल्यावर पाय आपोआप हलका झाला.

पण तुलना करू नका. इथे गाडी नाही म्हणजे पाय नाहीत. तुमच्याकडे बस आहे, रिक्षा आहे, मेट्रो आहे.

पंतोजी

नमस्कार. मी पंतोजींची मुलगी, वय १७, बाबांना सांगून त्यांच्या लॉगिनवरून लिहितेय. ते शेजारी बसलेत आणि शुद्धलेखन तपासतायत.

तुम्ही सगळे आमच्याबद्दल बोलताय, म्हणून एक सांगायचं होतं. आम्हाला जबाबदारी द्या असं सगळे म्हणतात, पण देतात काय? दळण आण, सिलिंडरवाला आला तर दार उघड, भावाला क्लासहून आण. म्हणजे तुम्हाला नको असलेली कामं. त्यात ठरवायचं काहीच नसतं. आणि जिथे ठरवायचं असतं, म्हणजे कुठला क्लास, किती वाजताचा, कोणत्या रंगाची बॅग, तिथे "तुला काय कळतंय." मग गाडी का मागतो आम्ही? कारण किल्ली हातात आल्यावर कुठे वळायचं ते आम्ही ठरवतो. दुसरं काहीच आमच्या हातात नसतं.

मी गाडी चालवत नाही. बस पकडते. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट असतो, अहिल्याबाई होळकर योजनेतून, त्यामुळे माझं कॉलेज तालुक्याला असून खर्च शून्य. पण कुठल्या बसने जायचं हे मीच ठरवते. दोनदा चुकली. एकदा प्रॅक्टिकल बुडलं. बाबा न्यायला आले नाहीत. (बाबा म्हणतायत की त्यांना यायचं होतं, आईने येऊ दिलं नाही.)

त्या दादाला सायकल कोणी निवडून दिली, तेही विचारा.

खिडकीतली

आम्ही निवडली. त्याला लाल हवी होती, आम्ही डिस्काउंटमध्ये राखाडी घेतली.

मी थोडे दिवस इथे येत नाही, घरी बोलते.

जुनी सायकल

शाब्बास पोरी. बाबांना सांग शुद्धलेखन ठीक आहे.

खिडकीतली (पाच आठवड्यांनंतर)

धागा वर काढतेय. खूपजणांनी व्यक्तिगत निरोपातून विचारलं म्हणून.

गाडी दिली नाही. नवऱ्याचा "विषय बंद" मात्र बंद केला. मुलाला बिनगियर यांनी लिहिलेलं सगळं वाचायला दिलं, नदीकाठताईंचं पण. दिवसभर काही बोलला नाही. रात्री म्हणाला, "मग मित्राच्या मागे पण नको बसायला." हे मी सांगितलं नव्हतं.

महिन्याला त्याच्यावर येण्याजाण्यात किती खर्च होतो ते आम्ही तिघांनी बसून काढलं. माझं पेट्रोल, पाऊस असला की रिक्षा, असं सगळं धरून साडेतीन हजार. तेवढे त्याच्या नव्या खात्यात. कसं जायचं ते त्याने ठरवायचं, उरले तर त्याचे, कमी पडले तर चालत. पहिल्या आठवड्यात रिक्षांत अकराशे उडवले. दुसऱ्यात पीएमपीचा पास काढला. आता सकाळी बस, संध्याकाळी सायकल. ती सायकल त्याने एका मित्राच्या मित्राला विकून, पदरचे सातशे घालून जुनी लाल घेतली. गिअर नाहीत. आम्हाला विचारलं नाही. सासऱ्यांना हे ऐकून एवढा आनंद झाला की त्यांनी पंप घेऊन दिला.

फटाक्यांच्या काकांना त्याने स्वतः फोन करून नाही सांगितलं. कारण काय दिलंस विचारलं, तर म्हणे, "खरं ते." काका चिडले म्हणे. फराळाचं काम मिळालं, टाचणीताई तुमच्यासारख्याच एका काकूंकडे, पण तिसऱ्या दिवशी तो उशिरा पोचला आणि त्यांनी घरी परत पाठवला. मी फोन करून काकूंना समजावणार होते. नंबर लावला होता. मग कापला. त्याने काय केलं माहीत नाही, पण चौथ्या दिवशी पुन्हा गेला आणि त्यांनी ठेवून घेतला.

सगळं काही गोड नाही. एका मित्राला पंधराशे उसने दिलेत आणि तो आता फोन उचलत नाही. रसायनशास्त्रात मार्क पडले. नवऱ्याचं म्हणणं, हे असल्या उद्योगांमुळे. असेलही.

आणि एक गंमत. स्कूटर चालवायची नाही, पण तिचं सगळं बघायचं काम त्याने मागून घेतलं: हवा, सर्व्हिसिंग, कागद. पहिल्याच दिवशी कागद काढून बसला आणि माझ्यासमोर आणून ठेवले. पीयूसी संपून सात महिने झाले होते. मी सात महिने रोज त्या गाडीवरून त्याला क्लासला सोडत होते. काही बोलला नाही, फक्त तारखेवर बोट ठेवलं.

अवांतर: तासगावकर, कोथिंबिरीचं पुढे काय झालं?

तासगावकर

आज जुडी अठरा रुपये आहे. पोरगं सकाळपासून कॅल्क्युलेटर घेऊन बसलंय, चौदाशे गुणिले अठरा. मी चहा घेऊन बागेत आलोय.

घाईत असलेली

मी किल्ली काढून घेऊ शकत नाही, मुलगी आता एकोणीसची आहे, तिचं लायसन्स आहे. पण धाकटा पंधराचा. काल त्याला घेऊन बसस्टॉपवर गेले होते, वेळापत्रक बघायला. ते फाटलेलं होतं.

जुनी सायकल

@घाईत असलेली, नंबर तिथल्या पानवाल्याला विचारा. त्याला सगळ्या बस पाठ असतात.